आईच्या कोंबड्यांचं वाण

माझ्या भावाला बाहेरदेशातून कोंबड्या आणायचे सरकारी नियम तोंडपाठ आहेत, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला त्याचा पुळका यायला नको. तो बंदराजवळ, द्रोणागिरीच्या एका गोदामात कामाला आहे. परदेशातून आलेल्या मालाचे कागद बघायचे, कुठला शिक्का कमी आहे ते शोधायचं आणि माल अडकला की लोकांना फोनवर झापायचं, हे त्याचं काम. घरी आला तरी ते डोक्यातून उतरत नाही. ताटावर बसला की सुरू. "ताई, तुला काय वाटतं, बाहेरून साधं कोंबडीचं पिल्लू आणता येतं? आधी परवाना काढ. मग तिकडच्या सरकारी डॉक्टरचा दाखला आण, की आमच्याकडे बर्ड फ्लू नाही. मग इथे उतरलं की सरकारच्या देखरेखीखाली वेगळं ठेव, तपासण्या कर. एक जरी आजारी निघालं ना, तर अख्खा लॉट मारून टाकतात. कुणाचं काही चालत नाही." हे सगळं तो कोंबडीचा रस्सा ओरपत सांगायचा आणि आई कौतुकानं त्याच्या ताटात आणखी एक तंगडी वाढायची.

आणि याच शहाण्यानं गेल्या हिवाळ्यात सीमेपलीकडच्या कोंबड्यांचं खोकं एका ट्रेलरच्या केबिनमधून घरी आणलं.

शौक! दुसरं काय. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्याला परदेशी कोंबड्यांचं वेड लागलं होतं. डोक्यावर पिसांचा झुबका, पायांना पिसांचे मोजे, असल्या. गोदामात देशभरातून ट्रेलर येतात, त्यातल्या एका ड्रायव्हरला त्यानं सांगून ठेवलं होतं. पुठ्ठ्याचं खोकं, त्याला भोकं पाडलेली, आत चार पांढऱ्या कोंबड्या एकमेकींच्या अंगावर बसलेल्या. परवाना नाही, दाखला नाही, वेगळं ठेवणं तर सोडूनच द्या. मी त्या दिवशी नेमकी माहेरी गेले होते. म्हटलं, "अरे, यांचे कागद कुठे आहेत?" तर मलाच हसला. "ताई, ते नियम कंटेनरवाल्यांना. चार कोंबड्यांना कोण विचारतंय?" आणि खोकं उघडून त्यानं त्या थेट आईच्या अंगणात सोडल्या.

आता आईच्या अंगणाबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का पेटले ते कळायचं नाही. आमचं माहेर उरणच्या बाजूला, खाडीला लागून. वडिलांची मिठागरं होती, ती गेली. जमिनी सरकारनं घेतल्या. त्या पैशांतून भावानं दुमजली बंगला बांधला, खालीवर चकचकीत टाइल्स बसवल्या, गेटवर दोन सिमेंटचे सिंह बसवले. वडील गेल्यापासून आई त्याच्याकडेच असते. त्या बंगल्यात आईचं म्हणावं असं काही उरलेलं नाही, मागच्या अंगणातलं एक खुराडं सोडलं तर.

त्या खुराड्यात तिच्या माहेरचं वाण होतं. मळकट राखाडी रंगाच्या, काळ्या पायांच्या, अंगानं बारक्या पण भलत्या तिखट कोंबड्या. मुंगसाच्या अंगावर धावून जायच्या. अंड्यांवर बसल्या की उठवून दाखवा! आई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं एक खुडूक कोंबडी आणि तिच्या खालची अंडी पाटीत घालून बरोबर दिली होती. माझं लग्न झालं तेव्हा आईनं मलाही तसंच दिलं. नुसतं दिलं नाही, पाटी मांडीवर घेऊन टेम्पोत बसून ती माझ्याबरोबर सासरी, ओव्यापर्यंत आली आणि माझ्या सासूला कोंबडी कुठे बसवायची ते दाखवून मगच पाणी प्याली.

आणि आमच्याकडे एक रीत होती. एक-दोन वर्षांआड, बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडाला, कोंबड्यांत मर येते. माना टाकतात, हिरवं हगतात, जागच्या जागी गोल फिरतात आणि पडतात. तिला आम्ही मानमोडी म्हणतो. मर आली की आई काय करणार ते ठरलेलं. अजून धडधाकट असलेल्या कोंबड्या निवडायच्या, पाटीत घालायच्या, वर फडकं बांधायचं आणि लेकीकडे धाडायच्या. "वाण वाचलं पायजे, बाय." मर ओसरली की त्यांची पिल्लं मी परत पाठवायची. माझ्याकडे मर आली की उलटं. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, तेवढ्यात दोनदा आईचं खुराडं साफ झालं आणि दोनदा माझ्या परसातून पुन्हा भरलं. आम्हा मायलेकींना फोनवर गोड गोड बोलता येत नाही. तब्येतीची चौकशी केली तरी आम्ही भांडतो. कोंबड्यांवरूनच काय ते आमचं येणं-जाणं.

ओव्यात माझं घर गावाच्या कडेला आहे. परसातून खारघरचे टॉवर दिसतात. माझ्याकडे आईच्याच वाणाच्या पंधरा-वीस कोंबड्या होत्या आणि त्यांची अंडी मी खांदा कॉलनीतल्या घरांमधून द्यायचे. तिथल्या बायकांचं एक कळत नाही. अंडं स्वच्छ पुसून दिलं तर म्हणणार, "ही फार्मची वाटतात हो." थोडी घाण लागलेली दिसली की खूश. पण घेतात, आणि पोरांना खाऊ घालतात. दारात गेलं की पोरं पिशवीत डोकं घालून विचारतात, "आज कुठल्या कोंबडीनं दिलं?"

तर ते खोकं उघडलं गेलं त्यानंतर आठवडा झाला असेल-नसेल. सकाळी दारात मोटरसायकल थांबली. भाऊ, आणि मागच्या सीटवर दोरीनं बांधलेली पाटी. वर फडकं. "आईनं पाठवल्यात. मानमोडी आलीय म्हणे." पाटीत आईच्या सहा राखाडी कोंबड्या होत्या.

"मानमोडी? थंडीत?" मी म्हटलं.

"आता हवामानाचं काही खरं राहिलंय का, ताई?"

पाटी खाली ठेवून तो ओटीवर चढलासुद्धा नाही. बाहेरच्या नळावर गेला आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. मग खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली, ते चोळलं. मग पुन्हा साबण. जन्मात कधी जेवणाआधी नीट हात न धुतलेला माणूस! माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. "तुझ्या पांढऱ्या कशा आहेत रे?" मी विचारलं. "मजेत आहेत," म्हणाला, आणि चहासुद्धा न घेता निघाला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "ताई, त्यातली एखादी मेली तर नुसत्या हातानं उचलू नकोस. प्लास्टिकची पिशवी घाल हातात. जाळून टाक. आणि कुणाला सांगू नकोस."

मला कुणी 'सांगू नकोस' म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लहानपणापासूनची सवय. मी म्हटलं, "पांढऱ्या मेल्या ना तुझ्या?"

मग म्हणाला, "दोन." मग थोड्या वेळानं, "तीन."

"कुठे टाकल्यास?"

"तिवराच्या झाडीत, खाडीच्या बाजूला."

"आईला सांगितलंस?"

"तिला कशाला टेन्शन द्यायचं? तिला वाटतंय मानमोडी आहे, तर वाटू दे."

"आणि तुला ठाऊक असून तू तिच्या कोंबड्या माझ्या दारात आणून ठेवल्यास? मेल्या, तूच ना रे मला अख्खा लॉट मारतात म्हणून सांगत होतास?"

तर यावर त्याचं उत्तर ऐका. "आई हट्टाला पेटली, मी काय करू? तुला माहितीये ती कशी आहे." म्हणजे दोष कुणाचा, तर आईचा! मी काय वाट्टेल ते बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाहेर कळलं तर माझ्यावर केस होईल. नोकरी जाईल. मग आईला कोण बघणार, ताई? तू?"

हे मात्र माझ्या वर्मी बसलं. माझ्या घरी दोन खोल्या, सासू अंथरुणाला खिळलेली, नवऱ्याची रिक्षा. आणि आई तिचं गाव सोडून एक रात्र कुठे राहत नाही.

फोन ठेवून परसात गेले तर सहांतली एक भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, तुरा जांभळा पडलेला. मानमोडीत तुरा असा होत नाही. पंचवीस वर्षं कोंबड्या पाळतेय मी. आमच्या शेजारी एक खाला राहते, एकटीच असते, तिच्या कोंबड्या रोज भिंतीवरून उडून माझ्या परसात येतात. त्या वेळीही तिच्या दोन तांबड्या तिथेच दाणे टिपत होत्या. आणि माझ्या टोपलीत खांदा कॉलनीला न्यायची अंडी भरून ठेवलेली. मी ती टोपली बघितली. म्हटलं, आता मी हे घेऊन त्या पोरांच्या दारात जाणार? कुठल्या तोंडानं?

कळवलं तर काय होणार ते मला भावानंच शिकवलं होतं. माझ्याकडच्या जातील. आईकडच्या जातील. जे वाण वाचवायला आईनं त्या माझ्याकडे धाडल्या, ते दोन्हीकडून एकदमच बुडेल. आणि आईला तर मानमोडीच वाटत होती. तिला मी काय सांगणार होते?

तरी मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात फोन केला. सांगितलं की माहेराहून आजारी कोंबड्या आल्यात, तुरे जांभळे पडतायत, तिकडेही मर आहे. एवढंच सांगितलं. खोक्याचं नाव काढलं नाही. ते 'आईला कोण बघणार' माझ्या डोक्यातून जात नव्हतं. भावाला शिव्या घालतच मी त्याला वाचवलं, असंही म्हणता येईल.

डॉक्टरीणबाई आल्या, कोंबड्यांच्या घशातले नमुने घेऊन गेल्या. तोवर कुठे काही हलवायचं नाही, विकायचं नाही असा हुकूम. मग निकाल आला, बर्ड फ्लूच, आणि पांढऱ्या डगल्यातली माणसं आली. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, फक्त डोळे दिसत होते. गल्लीत येताना कुणाला नमस्कार नाही, काही नाही. घरात कुणाला ताप आहे का, एवढं मात्र चारदा विचारलं. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "ज्या धडधाकट आहेत त्या तरी सोडा."

"एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी," त्या म्हणाल्या. माझ्या कोंबड्यांना त्या पक्षी म्हणत होत्या. "नियम आहे."

"आणि ज्या आधीच मेल्या त्यांची भरपाई?"

"मेलेल्यांना नाही. आम्ही मारलेल्यांनाच."

"म्हणजे रोगानं मेली ती फुकट गेली, आणि जगली असती तिला तुम्ही मारलं की तिचे पैसे?"

"ताई, नियम मी केलेले नाहीत," त्या म्हणाल्या, आणि खरंच त्यांनी केलेले नसावेत. रात्रंदिवस फिरून त्यांचे डोळे लाल झाले होते. पण त्या वेळी मला त्यांची अजिबात दया आली नाही.

खाला भिंतीपलीकडून बघत होती. तिच्या अकरा होत्या. त्या पोत्यात जाताना तिनं जो आवाज चढवला तो मशिदीपर्यंत गेला असेल. "तुला खुदा बघून घेईल! माझ्या कोंबड्यांना सर्दी तरी होती का गं? तुझ्या माहेरची घाण तू माझ्या दारात आणलीस आणि वर सरकार बोलावलंस!" मी ऐकून घेतलं. तिचं चुकत नव्हतं. आठवडाभर ती रोज सकाळी भिंतीला तोंड लावून मला शिव्या द्यायची, आणि एका सकाळी शिव्या देता देता म्हणाली, "कोथिंबीर आहे का गं चार काड्या?" दिली. मिटलं. तोंडावर भांडणारी माणसं मला परवडतात.

माहेरी ती माणसं दुसऱ्या दिवशी जाणार होती. मी पहिली एसटी पकडून त्यांच्या आधी पोचले. म्हटलं, आईजवळ कुणीतरी हवं. पोचले तर आई खुराड्याच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसलेली. आत तिच्या उरलेल्या चार कोंबड्या आणि एक कोंबडा. तिनं मला बघून विचारलं, "माज्या सहा कशा हायेत?" तेवढ्यात गेटवर गाडी वाजली.

आणि भाऊ! बाबा रे, काय त्याचा रुबाब! तोंडाला मास्क, हातात ग्लोव्हज, पांढऱ्या डगलेवाल्यांना पाण्याच्या बाटल्या देतोय, कुणाच्या घरी किती कोंबड्या ते दाखवतोय, गल्लीतल्या बायकांना समजावतोय, "हे सगळं आपल्याच भल्यासाठी असतं, काकू. सरकारला सहकार्य करा." नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते हेच. चौथी पांढरी कोंबडी त्याआधीच कुठेतरी गायब झाली होती.

डॉक्टरीणबाई खुराड्याशी आल्या. "आजी, उठा."

"मानमोडी हाय," आई म्हणाली. "दर साली येते न् जाते. तुमी नका तरास घेऊ."

"ही मानमोडी नाही, आजी."

"तुमाला काय ठावं? तुमी पयल्यांदा आलाव."

बाईंना वाटलं असेल, म्हातारीला जरा गोडीनं घ्यावं. त्यांनी माझ्याकडे हात केला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजी, तुमच्या मुलीचा अभिमान बाळगा. त्यांनी वेळेवर कळवलं म्हणून आम्ही आलो. असे जागरूक लोक असतील तर रोग पसरायचाच नाही."

अहो बाई! कौतुक करायला हीच जागा सापडली? आईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तू कलवलंस?"

"आये, ऐक तरी..."

ती उठली. माझ्यावरची नजर न काढता खुराड्याच्या दारातून बाजूला झाली. तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मग त्यांनी एकेक काढल्या. कोंबडा शेवटी निघाला, त्यानं एकाच्या ग्लोव्हजला चोच मारून भोक पाडलं. वाडीमागे खड्डा खणून तयार होता, चुन्याच्या गोण्या फोडलेल्या.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, मुद्दाम भावाच्या समोर विचारलं, "मॅडम, हा रोग आला कुठून?"

"स्थलांतरित पक्षी," त्या म्हणाल्या. "इकडे खाडीत फ्लेमिंगो येतात ना, त्यांच्याकडून असणार."

"हो मॅडम," भाऊ म्हणाला. "यंदा तर फारच आलेत."

बिचाऱ्या फ्लेमिंगोंच्या नावावर बिल फाडलं! मी तोंड उघडलं. अगदी जिभेवर आलं होतं, ट्रेलर, खोकं, तिवर, सगळं. आणि माझी नजर आईकडे गेली. पदर डोक्यावर ओढून ती रिकाम्या खुराड्यासमोर उभी होती. म्हटलं, आत्ताच हिच्या कोंबड्या गेल्या, आता हिच्या पोरालाही हिच्यासमोर धरून नेऊ का? मी तोंड मिटलं. मला ओळखणाऱ्या कुणाला हे खरं वाटणार नाही, पण मिटलं.

निघताना आईच्या पाया पडायला गेले तर तिनं पाय मागे घेतले. "माज्या आईचं वाण व्हतं. बुडवलंस. जा तुज्या घरी."

त्यानंतर तिचा फोन नाही. मी केला की भाऊ उचलणार. "आई झोपलीय." दुपारी बारा वाजता झोपलीय! "आई देवळात गेलीय." कधी म्हणायचा, "ताई, तिला जरा वेळ दे. तिच्या मनाला फार लागलंय." हे तो मला सांगत होता. तो! खांदा कॉलनीतल्या बायका तर बेल वाजवली तरी दार उघडेनाशा झाल्या. मी कोबी विकायला गेले असते तरी त्यांनी खिडकी लावून घेतली असती. तीन महिने कोंबडी पाळायची नाही असा नियम होता, त्यामुळे परसात नुसती माती आणि शांतता. पहाटे आरवायला कुणी नाही. मी रोज उठून मनातल्या मनात भावाशी भांडायचे. काय काय बोलायचं ते सगळं घासूनपुसून तयार होतं. आईलाही सगळं सांगायचं ठरवलं होतं. माहेर तुटलंच आहे, तर खरं सांगून तरी तुटू दे.

चैत्रात गावदेवीची जत्रा असते. लेकींना आमंत्रण द्यावं लागतं. मला आलं नाही. मी गेले.

देवीला त्या दिवशी घरोघरचा कोंबडा दाखवतात, आपल्या अंगणात वाढलेला, विकतचा चालत नाही. यंदा गावात एकाच्याही अंगणात कोंबडा नव्हता. मग काय, सगळ्यांनी दुकानातले पांढरे ब्रॉयलर आणले होते. ते मेले उभेसुद्धा राहीनात, देवीसमोर फतकल मारून बसले. पुजारी हसत होता, पण बाकी कुणी हसत नव्हतं.

मी घराच्या मागच्या बाजूनं गेले. आई पायरीवर बसली होती, हातात कणीचं ताट. समोर नवीन जाळी, आणि जाळीत पिल्लं. तांबडी, गुटगुटीत, एकसारखी एक. खुराड्याला नवा रंग, दारात चुन्याचा पट्टा, बाजूला पाय बुडवायला औषधाचं घमेलं. नियमाप्रमाणे सगळं चोख. भावानं सरकारी केंद्रातून आणली होती, पावती-दाखल्यासकट, बंदी उठल्या उठल्या. शेजारची काकू कुंपणावरून मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "पोरगा हाय म्हणून म्हातारीचं अंगण पुन्हा भरलं."

आई मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी तिच्या शेजारी बसले. काकू आत जाईपर्यंत थांबले आणि मग म्हटलं, "आये, फ्लेमिंगो-बिमिंगो सगळं खोटं आहे. तो रोग तुझ्या लेकानं आणला. त्या पांढऱ्या कोंबड्यांनी."

ती कणी टाकत होती. हात थांबला नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"आंगन मी झाडते ना. पयली त्याची मेली. पांढरी पिसं कोनाची ती मला कलत नाय? सकाली पिशवी घेऊन तिवराकडं गेला तेबी बगितलं मी."

"अगं मग त्या दिवशी तू मला... सगळ्या गल्लीसमोर! तीन महिने, आये! तीन महिने तू माझ्याशी बोलली नाहीस. माझा काय गुन्हा होता?"

आता तिनं ताट मांडीवर ठेवलं. घरात तो होता, त्याचा फोनवरचा आवाज येत होता. तिनं एकदा दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तुज्यावर रागावले तर तू तुज्या घरी जाशील, बाय. त्याच्यावर रागावून मी कुठं जाऊ?"

माझ्या घरच्या दोन खोल्या मला आठवल्या. तिनं ताट माझ्या मांडीवर सरकवलं. "घाल त्यांना. भुकेली हायेत."

मी मूठभर कणी घेतली तोच भाऊ दारात आला. नवा कुर्ता, कपाळाला देवीचा गुलाल. मला बघून क्षणभर चपापला, मग सावरला. खिशात हात घातला आणि तीच सॅनिटायझरची बाटली काढली.

"ताई, आलीस! बरं झालं. पण पिल्लांना हात लावायच्या आधी हे लाव हं. बाहेरून आलीयेस ना. नियम आहे."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंडात इतक्या शिव्या आल्या की कुठली आधी द्यावी कळेना. आणि शेजारी आई. नुसती माझ्याकडे बघत होती, खुराड्याच्या दारातून बाजूला झाली होती तेव्हा बघत होती तशीच.

मी कणी ताटात परत टाकली आणि त्याच्यासमोर दोन्ही हात पुढे केले.